शिसं कुठून येतंय

संस्थेत त्यांना सगळे साबणबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं 'बाई'. प्रयोगशाळेच्या दाराशी कोपरापर्यंत हात धुण्याचा त्यांनी असा काही नियम घालून दिला होता, की नवीन आलेल्या पोरांना वाटे, आपण दगड तपासायला आलोय की ऑपरेशनला. आधी चिकट पायपुसण्यावरून चालायचं, बाहेरचे बूट सोडायचे, अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, हातात एकावर एक दोन मोजे. एकदा एक पाहुणे प्राध्यापक दारातून डोकावले आणि शिंकले. बाईंनी हसून त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर त्या दिवसाचं सगळं काम मोरीत ओतून दिलं.

बाई भूरसायनशास्त्रज्ञ. दगडांची वयं काढणं हा त्यांचा धंदा. जुन्या खडकांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे वाळूहून बारीक कण सापडतात. कण जन्मतो तेव्हाच त्याच्या पोटात थोडं युरेनियम अडकतं आणि मग कोट्यवधी वर्षं ते सावकाश शिसं होत राहतं. युरेनियम किती उरलं, शिसं किती झालं, हे मोजलं की वय कळतं. सांगायला सोपं, करताना नाकी नऊ येतात. कारण आतलं शिसं इतकं कणभर असतं, की बाहेरचं जरासं मिसळलं तरी वय साफ खोटं निघतं. आणि बाहेरचं शिसं कुठे नसतं? धुळीत असतं, नळात असतं, रस्त्याकडेच्या मातीत असतं. बाईंचे सर निवृत्त होताना त्यांना म्हणाले होते, "जगात ते कुठेही असू दे. तुझ्या खोलीत नको."

बाईंनी ते वाक्य आयुष्यभर पाळलं. तरुणपणी हातोडा घेऊन डोंगर पालथे घातले, पाठीवर दगड वाहून गुडघे कामातून घालवले, उशिरा लग्न केलं. नवरा नकाशे काढणारा होता, शांत माणूस. मूलबाळ झालं नाही आणि त्याचं दोघांनीही फार मनाला लावून घेतलं नाही. मग एका सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन बसला तो उठलाच नाही. बाई घरात एकट्या राहिल्या. भिंतींशी बोलायला लागल्या तेव्हा धाकटी बहीण आली आणि सामान बांधायलाच बसली.

"ताई, वरची खोली रिकामी आहे. नाही म्हणू नकोस, मी विचारत नाहीये."

बहिणीचं घर गावाच्या कडेला होतं. मागे अंगण आणि अंगणात पत्र्याची मोठी शेड. बहिणीचा नवरा सुतार. पण नवीन लाकडाला तो हात लावायचा नाही. जुन्या इमारती पाडल्या जात तिथून तो दारं-खिडक्या घेऊन यायचा, गरम हवेच्या यंत्रानं त्यांवरचे रंगाचे थर सैल करायचा, लोखंडी पट्टीनं खरवडायचा, मग पॉलिश पेपर मारून खालचं सागवान उघडं करायचा. ते लाकूड बघून माणसं खुळी व्हायची. बाईंना हा मेहुणा फार आवडे. दोघांचं बरं जमे.

"तुम्ही पण खरवडताय, मी पण खरवडतोय," तो म्हणायचा. "फक्त तुमचं गिऱ्हाईक कोट्यवधी वर्षं थांबलेलं असतं. माझं उद्या सकाळी दारात उभं."

बाई राहायला आल्या त्याच्या पुढच्या वर्षी बहिणीला मुलगी झाली. लाकडी बाहुलीसारखी गोल, गुटगुटीत. बापानं तिचं नाव ठकी ठेवलं आणि खरं नाव फक्त कागदावर राहिलं. एका जुन्या दाराच्या फळ्या कापून त्यानं तिच्यासाठी छोटी खाट केली. दारावरचा निळा रंग जागोजागी उडाला होता, पण इतका सुंदर होता की त्यानं तो तसाच ठेवला. "याला खरवडलं तर पाप लागेल," असं बाईच म्हणाल्या होत्या. ठकीला दात येत होते तेव्हा ती त्या खाटेचा कठडा चावत बसायची आणि सगळे कौतुकानं बघायचे.

संध्याकाळी बाई घरी आल्या की ठकी त्यांच्या मांडीवर. दीड वर्षाची असताना ती 'माऊ' म्हणायला लागली. 'मावशी'मधलं एवढंच तिला झेपलं. मग 'दे', 'नको', 'पाणी', 'पप्पा आला'. मग दुसरा वाढदिवस उलटला आणि शब्द वाढायचे थांबले. पुढे तर असलेलेही गळायला लागले. पोट धरून रडायची, खायला बघायची नाही, हाक मारली तर मान वळवायची नाही. डॉक्टर म्हणाले, काही मुलं वेळ घेतात. शेजारीण म्हणाली, आमची तर चार वर्षांची होईतो मुकीच होती, आता तोंड बंद करायला पैसे द्यावे लागतील. सगळे हसले. बहिणीनं हसता हसता पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत अडचण सुरू झाली होती.

दर कामाबरोबर बाई एक 'ब्लँक' चालवत. म्हणजे दगड नाहीच, नुसतं शुद्ध आम्ल सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं आणि शेवटी यंत्रात घालायचं. त्यात जे शिसं दिसेल ती खोलीतली घाण. बाईंच्या ब्लँकची कीर्ती होती, दुसऱ्या देशातले लोक बघायला येत. तो ब्लँक आधी जरासा वर सरकला, मग आणखी, आणि मग असा चढला की मोजलेल्या वयांवर कुणी विश्वास ठेवू नये.

आणि नेमका त्याच वेळी बाईंच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम छापायला गेलं होतं. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं दूरच्या टेकड्यांवरून आणलेले झिरकॉन, आणि त्यांचं वय असं निघालेलं की ऐकणारा खुर्चीत सरळ बसे. या विद्यार्थिनीला सगळे टकळी म्हणत, कारण झोपेतही तिचं तोंड चालत असावं अशी सर्वांची खात्री होती. तीन वर्षं ती या कणांमागे राबली होती. तिची पदवी त्यांच्यावर उभी होती.

"बाई, आधीची मोजमापं तरी बरोबर असतील ना?" टकळीनं एकदाच विचारलं, आणि मग चक्क गप्प बसली.



बाईंनी खोली उलटीपालटी केली. आम्ल बदललं, पाणी बदललं, हवेच्या गाळण्या बदलल्या, भिंती पुसल्या, छत पुसलं. टकळी आणि बाई गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी कापसानं साफ करत होत्या. ब्लँक हलेना. संचालकांनी दोनदा बोलावून विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसते बघत राहिले. बाईंची झोप उडाली. जेवताना त्या ताटाकडे बघून म्हणत, "कुठून येतंय? कुठून येतंय हे?" आणि मेहुणा म्हणे, "ताई, भात आहे, स्वयंपाकघरातून येतोय."

एक गोष्ट मात्र कळली होती. प्रत्येक खाणीतल्या शिशाची आपली अशी ओळख असते, त्यातल्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं. ब्लँकमधलं हे शिसं एकाच ठिकाणचं होतं, आणि खोलीतल्या कुठल्याच वस्तूशी जुळत नव्हतं.

"मग वस्तू नाहीच," टकळी म्हणाली. "माणूस आहे. बाई, आपण सगळ्यांची डोकी तपासू या का?"

गंमत म्हणूनच केलं. मजल्यावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या केसांवरून, चष्म्यांवरून ओला कापूस फिरवला. शिपायाची सुद्धा सुटका झाली नाही. कोण सापडणार यावर पैजा लागल्या. बहुतेकांचं बोट एका सिगारेट ओढणाऱ्या संशोधकाकडे होतं. आकडे पडद्यावर आले तेव्हा सगळे मागे घोळका करून उभे होते. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे. एकाचा मात्र शंभरपट. आणि ओळख ब्लँकशी जुळणारी.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

टकळीनं हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर दोनदा वाचला. "बाई... तुमचं."

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. साबणबाई! बाईसुद्धा हसल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. सापडलं एकदाचं. डोकं धुऊ, चष्मा बदलू, कपडे इथेच ठेवू. माझ्या केसांत शिसं, म्हणजे मी जिथे राहते तिथे...

त्या हसता हसता थांबल्या. केस रोज वाळवायच्या कुठे? अंगणात. कपडे वाळत कुठे? शेडच्या दोरीवर. त्या जुन्या दारांवर पन्नास-शंभर वर्षांपूर्वी मारलेला तो निळा, पांढरा, हिरवा रंग. त्या काळी रंगात शिसं घालत, हे त्या दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून शिकवत होत्या.

अंगावरचा डगला तसाच ठेवून त्या जिन्याकडे धावल्या. टकळीच्या हाका मागे राहिल्या.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. शेडमध्ये मेहुणा यंत्र लावून एका खिडकीचा रंग फुगवत होता. फुगलेले पापुद्रे खाली पडत होते. त्याच्या पायांशी, टेबलाखाली, ठकी बसली होती. तिनं दोन पापुद्रे गोळा केले होते. एक हातात होता. दुसरा तोंडात.

बाईंनी तिला उचललं आणि बोट घालून तिचं तोंड रिकामं केलं. ठकी किंचाळली. मेहुण्यानं यंत्र बंद केलं.

"अहो, घाबरवलंत तिला! काय झालं?"

"हॉस्पिटलला चला. आत्ता. तिचं रक्त तपासायचंय. तुमचंही."

"का? कशासाठी?"

"रंगात शिसं आहे. शिसं पोटात गेलं की..." पुढे काय होतं ते सगळं त्यांना पाठ होतं. पोट दुखतं. भूक जाते. मूल चिडचिडं होतं. शिकलेले शब्द जातात. एकेक लक्षण वर्षभर रोज संध्याकाळी त्यांच्या मांडीवर येऊन बसत होतं.

बहीण आतून हात पुसत आली. तिनं एकदा ताईकडे बघितलं, एकदा मुलीच्या ओठांवरच्या निळ्या चुऱ्याकडे. काही न विचारता तिनं चपला पायात घातल्या.

रक्ताचा आकडा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो परत तपासायला पाठवला. परतही तोच आला. ठकीला ताबडतोब भरती केलं. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं, ते सुईनं द्यायला लागले. औषध मांडीत जाताना जळत असावं, कारण पोर प्रत्येक वेळी श्वास कोंडून निळी पडे आणि मग घशाच्या तळातून ओरडे. मेहुण्याचा आकडा तर मुलीहूनही वर होता. गेले काही महिने त्याच्या हातून हत्यारं सुटायची, मनगटं लुळी पडायची, तो उगाच भडकायचा. म्हातारा झालास, म्हणून बहिणीनं त्याची थट्टा केली होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बोळात बहीण बाईंसमोर उभी राहिली.

"एक विचारू, ताई?"

"विचार."

"तू रोज काय मोजतेस?"

बाईंची नजर वॉर्डाच्या दाराकडे गेली.

"शिसं मोजतेस. माझ्या लग्नाच्या आधीपासून मोजतेस. दगडातलं, पाण्यातलं, कुठल्या तरी टेकडीवरचं. आणि रोज संध्याकाळी माझी मुलगी तुझ्या मांडीवर होती. मला कळलं नाही, मी शाळेनंतर शिकले नाही. त्यांना कळलं नाही, ते सुतार. तुला कसं दिसलं नाही?"

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. बहीण वळून आत गेली. त्यानंतर ती ताईशी बोलली नाही. औषधाचं, डब्याचं, काय हवं-नको ते सगळं नवऱ्यामार्फत.

बाईंनी खाटेच्या कठड्याचा रंग आणि शेडमधला चुरा बाटलीत घालून संस्थेत नेला. स्वतः आत पाऊल टाकलं नाही. काचेबाहेर उभं राहून त्यांनी टकळीला काम करताना पाहिलं. संध्याकाळी आकडे आले. रंगातलं शिसं, बाईंच्या केसांतलं शिसं, ब्लँकमधलं शिसं, आणि डॉक्टरांकडून मागून आणलेल्या थेंबभर रक्तातलं ठकीचं शिसं. आलेखावर चारही ठिपके एकावर एक पडले. आयुष्यभरात इतकं चोख जुळलेलं उत्तर त्यांनी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आपले कण..." टकळी काचेपलीकडून म्हणाली.

"मी बहिणीकडे राहायला आल्यापासूनचं काहीच धरता येणार नाही. ब्लँक स्वच्छ आला त्या दिवशीही माझ्या डोक्यावरची धूळ कणांत पडली असेल."

"सगळंच?"

"सगळंच."

टकळी स्टुलावर बसली. तिनं टोपी काढली, जी आत काढायची नसते, आणि मांडीवर ठेवून तिचा चोळामोळा करत राहिली. एरवी तिला गप्प करायला बाईंना दरडावावं लागे. आज तिनं काही तरी बोलावं, शिव्या तरी घालाव्यात, म्हणून बाई थांबून राहिल्या.

बाईंनी संचालकांना भेटून छापायला गेलेलं काम मागे घेतलं. ते म्हणाले, थोडं थांबा, कदाचित काही वयं टिकतील. बाई म्हणाल्या, कुठली टिकतील ते मला माहीत नाही, म्हणून कुठलीच नकोत. बातमी फुटायला वेळ लागला नाही. ज्या लोकांनी ब्लँक बघायला प्रवास केला होता, तेच आता त्यांची जुनी, नवऱ्याच्या घरी असतानाची कामंही संशयानं चाळू लागले. ती कामं स्वच्छ होती, पण हे पटवत बसायची ताकद बाईंमध्ये उरली नव्हती. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी स्वतःहून दिली. टकळी दुसऱ्या संस्थेत गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला. जाताना भेटायला आली, पाया पडली, आणि एवढंच म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, डोकी तपासू या."

"बरं म्हणालीस," बाई म्हणाल्या. "तू म्हणाली नसतीस तर ठकी अजून टेबलाखाली बसली असती."

घर सोडावं लागलं. शेड बंद झाली, माती खरवडून नेली, खाट नेली. हॉस्पिटलपासून जवळ दोन खोल्या मिळाल्या. औषधाची एक फेरी संपल्यावर ठकीचा आकडा धाडकन खाली आला. त्या दिवशी मेहुणा बोळात भेटेल त्याला सांगत सुटला, परिचारिकांना, झाडूवाल्याला, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला. बाईंनाही त्यानं दोन्ही हातांनी धरून सांगितलं. बाई "हो, हो" म्हणाल्या. आता काय होणार हे त्यांना माहीत होतं आणि त्याच्या तोंडाकडे बघून ते सांगणं जमलं नाही.

काही आठवड्यांनी आकडा पुन्हा वर चढला.

मेहुणा हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर बसला होता. लुळं मनगट मांडीवर, दुसऱ्या हातानं धरलेलं. बाई शेजारी बसल्या.

"घर सोडलं," तो म्हणाला. "कपडे जाळले. हत्यारं टाकली. ती कशाला तोंड लावत नाही, आम्ही डोळ्यात तेल घालून बसतो. मग आता कुठून येतंय?"

"तिच्या हाडांतून."

त्यानं मान वर केली.

"शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणून हाडात नेऊन ठेवतं. रक्तातलं औषधानं काढलं की हाडातलं हळूहळू रक्तात उतरतं. मग परत औषध. मग परत."

"किती दिवस?"

"दिवस नाही. रक्त खाली येईल, येत राहील. हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. तुमच्याही, तिच्याही."

"आणि बोलणं? ते येईल ना परत?"

रस्त्यापलीकडे कुणी तरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, ते अर्ध्यात अडकत होतं.

"डोक्यात जे झालंय ते मोजता येत नाही."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"मलासुद्धा नाही."

तो रडला नाही. फक्त म्हणाला, "ती खाट मी तीन दिवस राबून केली होती, ताई." मग म्हणाला, "तुम्ही तिला खोटं तरी सांगाल का? तिच्या आईला. मला नका सांगू, पण तिला सांगा, की येईल म्हणून."

"ती मला विचारतच नाही," बाई म्हणाल्या.

वर वॉर्डात औषधाची दुसरी फेरी त्याच दुपारी सुरू व्हायची होती. परिचारिका ट्रे घेऊन आली तेव्हा ठकीनं ट्रे ओळखला. ती खाटेच्या कोपऱ्यात सरकली, आईला घट्ट बिलगली आणि पाय झाडायला लागली. मेहुण्यानं धरायला हात पुढे केला, पण त्याच्या मनगटात जोर नव्हता, मुलीनं ते सहज झटकून दिलं. परिचारिका सुई उंच धरून थांबली. बाई दाराशी उभ्या होत्या, रोजच्यासारख्या, आत न येता.

बहिणीनं मान वळवली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"ताई," ती म्हणाली. "तिथे काय उभी आहेस? पाय धर तिचे."

बाई आत आल्या. त्यांनी ते दोन छोटे पाय गुडघ्यांवर धरले, हातांना हाडं लागत होती. सुई गेली. ठकीचा श्वास कोंडला, तोंड उघडं राहिलं, आणि तिघंही त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती ओरडली. त्या ओरडण्यात शब्द नव्हता. बाईंनी पाय सोडले नाहीत, कारण औषध अजून अर्धं जायचं होतं.